नानांचा चांगला पाय

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका सुनेचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सासरे, म्हणजे नाना, वय 67. निफाड तालुक्यात धाकट्या मुलाबरोबर द्राक्षबाग बघायचे. ऑक्टोबर छाटणी चालू असताना त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वेळेत नाशिकला आणलं, वाचा शाबूत राहिली, डिसेंबरात ते काठी धरून ओट्यापर्यंत जाऊ लागले. डिसेंबरच्या मध्याला जुलाब झाले आणि महिनाअखेरीस नाना म्हणू लागले, "पायाखाली कापूस आहे." मग उठणंच बंद. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, नाना मनावर घेत नाहीत. घरच्यांनीही तेच धरलं. आठवडाभराने उजवा हात उचलेना, तेव्हा हॉस्पिटल गाठलं. पाठीतलं पाणी आणि नसांची तपासणी झाली आणि निदान आलं गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. इम्युनोग्लोब्युलिन या दात्यांच्या रक्तातून काढलेल्या औषधाचा पाच दिवसांचा कोर्स झाला, फरक पडला, फेब्रुवारीत नाना धरून उभे राहिले. मार्चच्या मध्यापासून पाय पुन्हा सोडताहेत. डॉक्टर म्हणतात, दुखणं जुनाट प्रकारचं असावं, उपचार पुन्हा सुरू करू. दीर म्हणतात, "बागेचा पैसा औषधात गेला. एप्रिल छाटणी तोंडावर आहे. पॅरालिसिसचा माणूस आता आणखी किती सुधारणार?" नणंदेला त्र्यंबककडच्या एकाची औषधाची पुडी द्यायची आहे. शेजारी हा रोग पसरतो म्हणून उंबरा चढत नाहीत. पती गप्प आहेत. पुन्हा खर्चात उतरायचं, की हे पॅरालिसिसचंच आहे, वय झालंय असं समजून घरी सेवा करायची, असं ती विचारते.

ताई,

नानांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषध कोणतं हे मी सांगणार नाही. पण तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. घरातल्या प्रत्येकाने, अगदी उपचाराच्या बाजूने बोलणाऱ्या तुम्हीसुद्धा, नानांना "पॅरालिसिसचा माणूस" असं नाव देऊन टाकलंय. ऑक्टोबरात जे झालं, त्याच्याच खात्यावर डिसेंबरातलं आणि मार्चमधलं सगळं मांडलं जातंय. दिरांचा सवाल त्याच हिशोबातून येतो. तो हिशोबच आधी तपासू.

तुमच्याकडे बाग आहे, म्हणून तसंच सांगते. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तरी विहिरीवरची मोटर बंद पडते, आणि डीपी धडधाकट असून केबल कुरतडली गेली तरी मोटर बंदच. शेतात उभ्या माणसाला दोन्ही वेळा एकच दिसतं, पाणी येत नाही. नानांना ऑक्टोबरात मेंदूत बिघाड झाला. डिसेंबरात झाला तो मेंदू-मणक्यातून बाहेर पडून हातापायांकडे जाणाऱ्या नसांमध्ये. जंतूंशी लढायला शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं आपल्याच नसांच्या आवरणावर तुटून पडली. दोन्हींत पाय लुळा पडतो, पण दुखणी वेगळी, औषधं वेगळी आणि बरं होण्याच्या शक्यताही वेगळ्या.

पॅरालिसिसचा झटका मिनिटांत येतो आणि बहुधा एक बाजू धरतो. काही आठवड्यांनी त्या बाजूला ताठरपणा येतो, गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय जरा जास्तच उडतो. जीबीएसमध्ये कमजोरी दिवसागणिक चढत जाते, बहुतेकदा पायांकडून वर, दोन्ही बाजूंना, मुंग्या येत येत. आणि हातोडी मारली तर पाय बहुधा उडतच नाही. पुस्तकात हे सोपं आहे. पण ज्याची डावी बाजू आधीच अधू आहे, त्याच्या घरी "दोन्ही बाजूंना" हे दिसणार कसं? डावा पाय आणखी ढिला पडला तर सगळे म्हणतात, पॅरालिसिस वाढला. दिसू शकतं ते फक्त उजव्या पायात, नानांच्या चांगल्या पायात. ज्यांच्या घरी झटक्याचा रुग्ण आहे त्या प्रत्येकाला मी हे सांगेन: अधू बाजूकडे सगळेच बघतात, तुम्ही चांगल्या बाजूवर नजर ठेवा. चांगला पाय जड पडू लागला, चांगल्या हातातून पेला निसटू लागला, मुंग्या दोन्ही तळव्यांना एकदम आल्या, तर ते जुन्या दुखण्यात ढकलू नका. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला सांगा.

"पायाखाली कापूस" हे नानांचं वाक्य नसांच्या दुखण्यातले रुग्ण फार वेळा बोलतात. ते बरोबरच सांगत होते. "मनावर घेत नाहीत" हे मात्र कुठल्याच आजाराचं निदान नव्हे. झटक्यानंतर नैराश्य येतं, त्याने माणूस व्यायाम टाळतो, हे खरं आहे. पण मन खचलेल्या माणसाची हातोडीखालची प्रतिक्रिया जात नाही. दोन मिनिटांच्या तपासणीत हा फरक कळतो. तेव्हा तुम्ही त्यांना रागावलात असं लिहिलंय, त्याचं तुम्हाला फार लागलंय. त्या आठवड्यात तुम्हाला जेवढं सांगितलं गेलं त्यावर तुम्ही वागलात. त्यावर याहून जास्त शाई घालवू नये, कारण आत्ता तुमची शक्ती दुसरीकडे लागणार आहे.

झटक्यामुळेच हे झालं का, असं तुम्ही विचारलंय. झटक्यानंतर काही दिवस-आठवड्यांत जीबीएस झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, पण त्या थोड्याच. झटक्यानंतर शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ दबते, न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग होतो, आणि त्या संसर्गातून पुढे नसांचं दुखणं उद्भवू शकतं. झटक्यात मेंदू आणि रक्तामधला पडदा फाटतो, आतले घटक प्रतिकारशक्तीच्या नजरेला पडतात आणि ती बिथरते, असाही एक विचार आहे. तो सिद्ध झालेला नाही. नानांच्या बाबतीत मला डिसेंबरातले जुलाब जास्त महत्त्वाचे वाटतात. जीबीएसच्या साधारण दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकला झालेला असतो, आणि जुलाब करणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू त्यात सगळ्यात कुप्रसिद्ध. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात एकदम रुग्ण वाढले, तेव्हाही बोट दूषित पाण्याकडेच गेलं होतं. शेजाऱ्यांची भीती तिथल्याच बातम्यांतून आली असणार. त्यांना सांगा की जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पसरतो तो पाण्यातला जंतू, आणि तो पोटात गेलेल्या फार थोड्यांना हे दुखणं होतं. हवं तर विहिरीचं पाणी तपासून घ्या, ते सगळ्या वस्तीच्या उपयोगाचं आहे. नानांजवळ बसायला मात्र कुणी घाबरायचं कारण नाही.

आता खरा पेच.

जीबीएस साधारण चार आठवड्यांच्या आत तळ गाठतो आणि मग सावकाश वर येतो. सहा महिन्यांनी दहापैकी आठ रुग्ण आधाराशिवाय चालतात. नानांचं वय आणि आधीची अधू बाजू पाहता त्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. काहींना इम्युनोग्लोब्युलिनचा असर ओसरल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तात्पुरती घसरण होते. नानांची सुरुवात डिसेंबरअखेरची आणि ही घसरण मार्चच्या मध्याची, म्हणजे आठ आठवडे उलटून गेलेत. म्हणून तुमचे डॉक्टर जुनाट प्रकाराचं नाव घेताहेत. त्याला सीआयडीपी म्हणतात. सुरुवातीला जीबीएस ठरलेल्या रुग्णांपैकी साधारण शंभरात पाच जण शेवटी या गटात निघतात. ऐकायला वाईट वाटतं, पण यात एक जमेची बाजू आहे. सीआयडीपीला इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं आणि स्टेरॉइड असे तीन उपचार लागू पडतात, आणि बहुतेक रुग्णांना त्यातला एखादा तरी मानवतो. उपचार न मिळाल्यास नसांचा आतला तंतूच मरायला लागतो. मग तो परत वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने, तोही वाढलाच तर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा. "थांबू, बघू" याची किंमत इथे आहे, आणि ती दिरांच्या हिशोबात धरलेली नाही.

त्यांच्या हिशोबात धरलेलं आहे तेही खोटं नाही. इम्युनोग्लोब्युलिन हजारो दात्यांच्या रक्तातून गोळा करतात, म्हणून ते महाग. पूर्ण कोर्स किलोमागे 2 ग्रॅम. नानांचं वजन 60 किलो धरलं तर 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. सीआयडीपीत पुढे दर तीन आठवड्यांनी बहुतेकदा याच्या निम्मा डोस द्यावा लागतो. "हे संपणार कधी" असं विचारणारा माणूस कंजूष ठरत नाही.

शिवाय पैशापलीकडचा एक मुद्दा आहे, तो डॉक्टरांपुढे तुम्ही स्वतः काढा. इम्युनोग्लोब्युलिनने रक्त घट्ट होतं आणि गुठळीचा धोका थोडा वाढतो. ज्याला गुठळीने एकदा झटका येऊन गेलाय त्याला ते द्यायचं तर सावकाश, भरपूर पाणी पाजून, लक्ष ठेवून द्यावं लागतं. नेदरलँड्समध्ये जीबीएसच्या गंभीर रुग्णांना लागोपाठ दुसरा कोर्स देऊन पाहिला होता. 2021 मध्ये निष्कर्ष आला की फायदा झाला नाही, गुठळ्यांसारखे त्रास मात्र वाढले. म्हणून "दुसरा कोर्स" एवढंच ऐकून हो म्हणू नका. तो जीबीएससाठी देताय की सीआयडीपीसाठी, हे विचारा. सीआयडीपीत तो देण्याला आधार आहे, जीबीएसमध्ये सरसकट नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या अगदी स्वस्त. जीबीएसमध्ये त्या निरुपयोगी, सीआयडीपीत उपयोगी, म्हणून आधी निदान पक्कं हवं. नानांना साखर आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर स्टेरॉइडने ती उसळते, बीपी वाढतो, आणि दोन्ही गोष्टी पुढच्या झटक्याला आमंत्रण देतात. सोबत ॲस्पिरिन चालू असेल तर पोटात जखम होण्याची भीती. म्हणजे स्वस्त गोळीबरोबर साखरेची वही, बीपीचं यंत्र आणि पोटाची गोळी घरात येणारच. प्लाझ्मा बदलण्यात मोठी नळी घालावी लागते आणि मधेच बीपी खाली जाऊ शकतो, पण काही ठिकाणी ते इम्युनोग्लोब्युलिनपेक्षा स्वस्त पडतं. मला विचाराल तर नानांसाठी सरळसोट चांगला असा पर्याय नाही. कोणता धोका तुम्हाला सांभाळता येईल, एवढंच निवडायचंय. साखर नसेल आणि घरात रोज मोजमाप ठेवणारं कुणी असेल, तर स्टेरॉइडबद्दल आधी विचारावं असं मला वाटतं. शेवटचा शब्द त्यांना तपासणाऱ्याचा.

निदान पक्कं करायला नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, पुन्हा करून घ्या आणि जानेवारीच्या रिपोर्टशी ताडून पाहायला सांगा. पाठीतलं पाणी पुन्हा काढायचं ठरलं तर झटक्यानंतर चालू असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी आधी दाखवा. काही गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. घरच्या घरी बंद केलेली एक गोळी दुसरा झटका आणू शकते. आणखी दोन साध्या शंका विचारून घ्या. नाना शाकाहारी असतील किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर बी-12 तपासलंय का? झटक्यानंतर कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू केली असेल, तर स्नायूंवर तिचा परिणाम नाही ना? दोन्ही तपासण्या साध्या रक्ताच्या आहेत आणि मोठ्या आजाराच्या गडबडीत राहून जातात.

दुसरं मत घ्यायला मुंबईला न्यावं का, असंही तुम्ही लिहिलंय. नानांना कसारा घाटातून गाडीत आडवं घालून लगेच नेऊ नका. आधी पंचवटी एक्स्प्रेसने घरातलं एक माणूस फाइल घेऊन मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत जाऊन येऊ द्या. फाइलमध्ये मेंदूचा एमआरआय, पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट, एनसीव्ही आणि डिस्चार्ज कार्ड हवं. मोबाइलवर तारीखवार व्हिडिओ ठेवा: नाना खुर्चीतून उठताना, हात वर करताना, मूठ आवळताना. घरी बीपीचा पट्टा असेल तर गुंडाळून त्यात थोडी हवा भरा, नानांना मुठीत दाबायला द्या आणि काटा कुठवर गेला ते दर रविवारी लिहा. "जरा बरं, जरा वाईट" यापेक्षा तो आकडा डॉक्टरांच्या जास्त कामाचा.

पैशाबाबत एवढंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. जानेवारीतलं बिल योजनेत बसवलं होतं का, हे पत्रात नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा आणि या दुखण्याला, या औषधाला किती मंजुरी मिळते ते ॲडमिट होण्याआधी विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तो हक्क आहे, मागायला संकोच नको.

त्र्यंबककडच्या पुडीबद्दल मी कडक बोलणार आहे. नणंदबाईंची माया मला कळते. पण आत काय आहे हे जिला ठाऊक नाही तिने ती नानांना देऊ नये. अशा पुड्यांत कधी कधी शिसं किंवा आर्सेनिक असतं. या दोन्हींनी नसा खराब होतात, आर्सेनिकचं दुखणं तर हुबेहूब जीबीएससारखं दिसू शकतं. अनोळखी पुडी पोटात गेली की पुढे काय कशाने झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांना काही करायचंच असेल तर रोज हलक्या हाताने तेल लावू द्या. रगडून मालीश नको, आणि गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको. तळव्यांना कळत नसेल तर कातडी भाजते आणि नानांना पत्ताही लागत नाही.

व्यायामाचंही गणित बदललंय. झटक्यानंतर पुन्हा पुन्हा करून घेणं बरोबर होतं. नसा सुजलेल्या असताना दमेपर्यंत केलेला व्यायाम उलट पाडतो. फिजिओथेरपिस्टना नवं निदान लिहून द्या. आता थोडं थोडं, मधे विश्रांती घेत. पाऊल लोंबत असेल तर त्याला आधार देणारा स्प्लिंट. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलणं. आणि रात्री पायांत आग होते, टोचतं असं नाना म्हणत असतील तर त्यावर वेगळ्या गोळ्या असतात, साध्या वेदनाशामकाने ते जात नाही.

काही वेळा मात्र पत्राच्या उत्तराची वाट बघायची नसते. एका श्वासात वीसपर्यंत मोजता येईना, आवाज नाकात गेला, पाणी पिताना ठसका लागू लागला, किंवा छाती धडधडून बीपी खालीवर होऊ लागला, तर 108 ला फोन करा. या दुखण्यात श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. आणि तोंड वाकडं झालं, एक हात अचानक पडला, बोलणं अडखळलं, तर तो नवा झटका समजून लगेच निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं.

तुमच्या पत्रात दीर बोलतात, नणंद बोलतात, फिजिओथेरपिस्ट आणि शेजारी बोलतात, पतीचं गप्प राहणंसुद्धा आहे. नानांचं एकच वाक्य आहे, कापसाचं. त्यांची वाचा शाबूत आहे, डोकं शाबूत आहे, आयुष्यभर बागेत नफा-तोट्याचे निर्णय त्यांनीच घेतले. मग हा निर्णय त्यांना वगळून का चाललाय? त्यांना सोपं करून, पण खरं सांगा: हे दुखणं झटक्यापेक्षा वेगळं आहे, औषध आहे, खात्री नाही, खर्च एवढा, धोके हे. कदाचित ते म्हणतील, बागेला हात लावू नका. कदाचित म्हणतील, मला पुन्हा ओट्यापर्यंत जायचंय. कोणतंही उत्तर असो, ते त्यांचं असेल.

माझी सूचना अशी. पुढच्या भेटीला नाना, पती आणि दीर तिघांनाही न्या. "सुधारतील का" असं विचारू नका. विचारा की तीन महिन्यांचा उपचार केला तर कोणत्या खुणा दिसायला हव्यात, आणि त्या दिसल्या नाहीत तर आपण काय बदलणार किंवा कुठे थांबणार. उपचार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्या खुणांवरून ठरवता येतं. दिरांना हवी असलेली मर्यादा त्यातच मिळेल, आणि एप्रिल छाटणीसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची हे त्यांना त्याच दिवशी सांगता येईल. पती तिथेही गप्प राहिले तर त्यांच्या हाती फाइल द्या आणि मुंबईची खेप त्यांच्यावर सोपवा. काही माणसं बोलण्यापेक्षा काम दिल्यावर मोकळी होतात.